टॉर्च लावायला लोकेशन कशाला हवं?

हा प्रश्न पडत असेल, तर ओपन सोर्स ॲप्स बघाच. त्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, त्यामुळे लपवाछपवी पकडली जाऊ शकते.

२०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलकडे कोर्टामार्फत युजरची माहिती मागण्यात आली. सिग्नलने दिलं काय? खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं, एवढंच. बाकी काही साठवलंच नव्हतं! व्हॉट्सॲपचे मेसेजही सिग्नलच्याच तंत्राने एन्क्रिप्ट होतात, पण कोण कोणाशी कधी बोललं, हे कंपनीला कळू शकतं.

नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स इंटरनेटशिवाय चालतं. मात्र पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गूगलच बरं. अँड्रॉइडवर अशी ॲप्स एफ-ड्रॉइडवरून मिळतात.

सिग्नलची खरी अडचण वेगळीच आहे. घरचा ग्रुप तिकडे यायला हवा ना!