आठवडे मोजताना

द्वारका चौकात नाशिकचे दोन हमरस्ते एकत्र येतात. आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव, चांदवडची माणसं येतात, पुणे रोडने सिन्नरची. नको असताना दिवस राहिलेली या गावांमधली एखादी बाई आठव्या आठवड्यात इथे उतरली, तर तिचं काम शहरातच होऊ शकतं. सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालय आणि एका प्रशिक्षित डॉक्टरचं मत, एवढं पुरतं. तीच बाई सव्विसाव्या आठवड्यात आली, तर बहुतेक वेळा तिला मुंबईला, थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. मधले अठरा आठवडे कुठे गेले, हे मात्र गर्भपातावरच्या वादात क्वचितच विचारलं जातं.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या तरुण विधवा बदनामीच्या भीतीने गर्भ पाडत, नाहीतर जन्मलेलं मूल मारत. पकडल्या गेल्या, तर शिक्षा त्यांनाच होई. फुल्यांनी त्या बायांना पापाचा हिशेब विचारला नाही. गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता येईल अशी जागा दिली. इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेने मात्र कलम ३१२ खाली गर्भपात गुन्हा ठरवला आणि स्वतः गर्भ पाडणाऱ्या बाईलाही गुन्हेगार मानलं. दंडसंहिता गेली, न्यायसंहिता आली. ते कलम ८८ क्रमांकाने आजही जिवंत आहे.

स्वातंत्र्यानंतर गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठी १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. चोरून केलेल्या गर्भपातांत बाया मरत होत्या आणि त्यांत विवाहित बायाही मोठ्या संख्येने होत्या. समितीच्या शिफारशींवरून वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पुष्कळ देशांच्या आधी आपण हे केलं, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण या कायद्याची भाषा नीट वाचायला हवी. बाईला गर्भपाताचा हक्क आहे, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. ठरावीक कारणं असतील आणि डॉक्टरने सद्‌भावनेने तसं मत बनवलं असेल, तर डॉक्टर दोषी ठरणार नाही, एवढंच तो सांगतो. संरक्षण डॉक्टरला आहे आणि निर्णयाची किल्लीही त्याच्याच हातात आहे.

२००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं उच्च न्यायालयात गेलं. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं निदान झालं, तोवर तेव्हाची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. त्यांचे डॉक्टर निखिल दातार याचिकेत त्यांच्यासोबत उभे राहिले. ४ ऑगस्टला न्यायालयाने परवानगी नाकारली. डॉक्टरांची मतं एकमुखी नव्हती आणि कायद्यात नसलेली मुभा न्यायालय देऊ शकत नव्हतं. पुढे काही दिवसांतच त्या बाईचा गर्भ आपोआप पडला.

त्या वेळी घरोघरी वाद झाले. दोष आहे म्हणून जीव नाकारायचा, तर अपंग माणसांना आपण काय सांगतो आहोत, हा अपंगांच्या चळवळीतून आलेला प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे. पण गर्भाचे अवयव तपशिलाने दाखवणारी सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत होते. शंका आली की हृदयाची वेगळी तपासणी, दुसऱ्या डॉक्टरचं मत, घरात चर्चा. एवढ्यात वीस आठवडे सहज संपतात. विज्ञान जे विसाव्या आठवड्यात दाखवत होतं, त्यावर कायदा विसाव्या आठवड्यातच दार लावून घेत होता.

ही मर्यादा हलायला तेरा वर्षं गेली. सप्टेंबर २०२१ पासून वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, मधल्या काळात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर विकृती असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांची मुभा दिली आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला.

चोविसाव्या आठवड्यानंतरचा पेच मात्र खरोखर कठीण आहे, कारण तेव्हा गर्भ आईबाहेरही जगण्याची शक्यता असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई असलेली एक विवाहिता सव्विसाव्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयापुढे होती. आधीच्या बाळंतपणानंतर तिला नैराश्याने घेरलं होतं. आधी परवानगी मिळाली. मग गर्भाचं हृदय थांबवायचं की नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. दोन न्यायमूर्तींची मतं फुटली आणि शेवटी सरन्यायाधीशांच्या खंडपीठाने परवानगी नाकारली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने उलट दिशेने पाऊल टाकलं होतं. बत्तीस आठवडे उलटलेल्या, गंभीर विकृती असलेल्या गर्भाच्या प्रकरणात वैद्यकीय मंडळाचा नकार बाजूला ठेवून, निवड त्या स्त्रीची आहे, मंडळाची नव्हे, असं न्यायालयाने बजावलं. दोन्ही बाजूंनी नैतिक तळमळ आहे. इथे सरधोपट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पण बाईला इथवर आणतो तो उशीर. आणि महाराष्ट्रात त्या उशिराला एक खास कारण आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण २००१ मधल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आलं. २०१२ मध्ये परळीत आणि २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये बेकायदा गर्भपातात बाया मेल्या. म्हैसाळला १९ गर्भांचे अवशेष सापडले. संताप रास्त होता. पण त्या संतापात लिंगनिवड आणि गर्भपात यांची गल्लत झाली. भिंतींवर 'भ्रूणहत्या महापाप' रंगवलं गेलं. तपासणीचा ससेमिरा नको म्हणून अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंतच घ्यायच्या असतात. सोनोग्राफीत लिंग त्यानंतर कळतं. म्हणजे लिंगनिवडीशी ज्यांचा संबंध सर्वांत कमी, त्याच गोळ्या दुर्मीळ झाल्या.

मग ती बाई कुणाकडे जाते? पाळी चुकली की आधी शेजारणीला सांगते, मग काढा, मग गावातला ओळखीचा माणूस. रुग्णालयात पोचली, तर पुष्कळदा पहिलं वाक्य ऐकू येतं: "नवऱ्याची सही आणा." कायद्याला नवऱ्याची सही लागतच नाही. संमतीचा नमुना 'सी' अठरा वर्षांवरच्या स्त्रीने एकटीने भरायचा असतो. पालकाची सही अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तरच. तो कागद पाकिटात बंद करून त्यावर 'गुप्त' असं लिहून ठेवण्याचा नियम आहे आणि नाव फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभराची कैद होऊ शकते. हे सगळं कागदावर आहे आणि एवढं माहीत नसल्यामुळे बाया परत जातात.

नियमाच्या भीतीने डॉक्टर थांबला की काय होतं, हे बेळगावला ठाऊक आहे. बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये सतराव्या आठवड्यात रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नव्हता. पण त्याचे ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि २८ ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक आयरिश मतदारांनी गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती रद्द केली.

आपल्याकडे सार्वमताची गरज नाही. कायदा आहे, फक्त तो आठव्या आठवड्यात हाताला लागत नाही. सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांत प्रशिक्षित डॉक्टर, दुकानात चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या, दवाखान्याच्या भिंतीवर 'नवऱ्याची सही लागत नाही' असा मराठीतला फलक आणि आशाताईंना हे सगळं मोकळेपणाने सांगण्याची मुभा: एवढं झालं, तर न्यायमूर्तींपुढे येणाऱ्या सव्विसाव्या आठवड्याच्या याचिका आपोआप कमी होतील. उरतील त्या बहुतेक गर्भातल्या गंभीर विकृतीच्या आणि अत्याचार झालेल्या मुलींच्या. त्यांच्यासाठी मुंबईऐवजी जिल्ह्यातच तातडीने बसणारं वैद्यकीय मंडळ हवं.