उंट वाळवंटातला, मुक्काम वावरातला

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या चित्रप्रदर्शनांत वाळवंटाची मोठी चलती होती. वाळू, तंबू, पागोटंवाला अरब आणि शेजारी मुकं जनावर. त्यांतली बरीच चित्रं आज संग्रहालयांत. चालता-बोलता वाळवंटी संसार बघायचा असेल, तर नागपूरकराला विदर्भाबाहेरही पडावं लागत नाही. पण आधी चित्रांकडे.

बकऱ्याचे हाल: विल्यम होल्मन हंट हा इंग्रज चित्रकार 1854 साली 'द स्केपगोट' रंगवायला मृत समुद्राकाठी जाऊन बसला, बंदूक जवळ ठेवून. सोबतचा बकरा परतीच्या वाटेवर मेला. मग जेरुसलेमला दुसरा बकरा आणला आणि मीठ-चिखलात उभा करून चित्र पुढे रंगवलं! माणूस आणि प्राण्याचं हे नातं जरा एकतर्फीच.

घोडा गेला: चित्रकार जेरोमच्या 1872 च्या चित्रात ओसाड वाळूत कोसळलेल्या घोड्याला अरब बिलगलाय. बघताना घशात आवंढा येतो, आणि तो यावा अशीच सगळी मांडणी आहे.

उंटाचा सांगाडा: चित्रकार गियोमेच्या 'सहारा'मध्ये (1867) समोर नुसती उंटाची हाडं. माणसं? लांब क्षितिजावर, ठिपक्याएवढी.

तिन्ही चित्रं नामी, पण जनावर मेलेलं, नाहीतर मरणाला टेकलेलं. त्याच्या जिवावर घर कसं चालतं, ते यांत कुठेच नाही.

ते दिसतं आपल्याकडे. कच्छचे राबारी पशुपालक कित्येक दशकांपासून उंट-मेंढ्या घेऊन विदर्भात फिरतात. पऱ्हाटी निघाली की वावरात मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला लेंडीखत, राबाऱ्याला धान्य किंवा पैसे. उंटाच्या पाठीवर उलटी बाज, भांडी, गोधड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान पोरही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आपण हसतो. इथे उंटाशिवाय मेंढ्यांचा तांडा हलत नाही.

आता उंटाविषयी थोडं. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. तहानलेला उंट पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पाणी रिचवतो. पापण्यांच्या केसांच्या दोन रांगा, वाळू उडाली की नाकपुड्या बंद. पेशवाईत तातडीचे खलिते न्यायला सांडणीस्वार धावायचे, ते याच्याच जोरावर. आणि कच्छचा खाराई उंट तर चक्क पोहतो! खाडी ओलांडून खारफुटी चरायला जातो. 2015 साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली.

माणूस आणि उंटाच्या या नात्याची कोर्टकचेरीही झालीय. जानेवारी 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी कच्छी पशुपालकांचे 58 उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी हैदराबादला चाललेत, अशी तक्रार होती. उंटांची रवानगी झाली गोरक्षण संस्थेत. मोकळ्या रानात बाभळीचा पाला ओरबाडणारं हे जनावर. त्याला गायीच्या गोठ्यात काय मानवणार? उंट हाच आमचा पिढीजात धंदा, असं पशुपालकांचं म्हणणं. अखेर न्यायालयाने उंट त्यांच्या हवाली केले.