शाहीर पडद्यावर जातो तेव्हा

रॅप गाणारा एखादा तरुण चित्रपटात नट झाला की आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. वस्तीतली मुले म्हणतात, 'आपला माणूस वर गेला.' चळवळीतली वडीलधारी माणसे म्हणतात, 'विकला गेला.' कोल्हापुरात महाविद्यालयात शिकवीत असल्यामुळे ही दोन्ही मते मला कधीकधी एकाच दिवशी ऐकायला मिळतात. पहिले वर्गात आणि दुसरे संध्याकाळच्या बैठकीत. दोन्ही मतांत एक गृहीत मात्र समान असते. ते असे की, हा प्रश्न मोबाईलबरोबर आला आणि आपल्या परंपरेत त्याला पूर्वपीठिका नाही. वस्तुस्थिती तशी नाही. लोकांसमोर उभे राहून गाणारा माणूस पडद्यावर गेला म्हणजे त्याच्या गाण्याचे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रात निदान सत्तर वर्षांचा आहे. शाहीर अमर शेख ह्यांची कारकीर्द ह्या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम रॅप म्हणजे काय ते पाहू. कारण आपल्यातल्या पुष्कळांना ते परदेशी ओरडणे वाटते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क ह्या जमैकातून आलेल्या कृष्णवर्णीय तरुणाने एका इमारतीत तबकड्या वाजवून नाचगाण्याचा जो कार्यक्रम केला, तेथून ह्या कलेचा जन्म सांगितला जातो. चार ठोक्यांच्या आवर्तनावर यमके आणि अनुप्रास ह्यांनी बांधलेले बोलणे, हे तिचे सोपे वर्णन. गळा फार गोड असण्याची गरज नाही. दम हवा, उच्चार स्वच्छ हवा आणि सांगण्याजोगे काही हवे. ह्यात आपल्याला परके असे काय आहे? डफाच्या ठेक्यावर पोवाडा म्हणणारा शाहीर ह्याहून वेगळे काय करीत होता? सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी निरक्षर माणसापर्यंत विचार नेला तो ह्याच वाटेने.

फरक आहे तो उभे राहण्यात. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि समोर बसलेला समाज त्यांच्यामागून ती म्हणू लागतो. रॅपर बहुधा एकटा उभा असतो. त्याचे साथीदार असले तरी त्याचे गाणे 'मी'पासून सुरू होते. शाहिराच्या गाण्यातील 'मी' हा 'आम्ही'चा मुखत्यार असतो. हा फरक पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावा लागेल.

आणखी एक गोष्ट. शाहीर हा मुळातच अर्धा नट असतो. पोवाडा म्हणताना तो मध्येच थांबून गद्यात बोलतो, सावकाराचा आवाज काढतो, फौजदार होतो, पोराला कडेवर घेतलेली बाई होतो. विठ्ठल उमप ह्यांनी 'जांभूळ आख्याना'त उभी केलेली द्रौपदी ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. मुंबईच्या नायगावात १९३१ साली जन्मलेला आणि भीमगीतांवर वाढलेला हा शाहीर पुढे 'टिंग्या' (२००८) सारख्या चित्रपटांतही दिसला. आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावर असतानाच कोसळून गेला. तेव्हा गाणाऱ्याने नट होणे ह्यात स्वतः काही भ्रष्टता नाही. अभिनय त्याच्या कलेत आधीपासूनच आहे. प्रश्न एवढाच की, भूमिका कोण ठरवतो?

आता अमर शेखांकडे वळू. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी. घरची गरिबी, आई मुनेरबी हिच्या तोंडची लोकगीते हीच काय ती वडिलोपार्जित मालमत्ता. मोटारीवर क्लीनर, गिरणीत मजूर अशी कामे करीत हा मुलगा वाढला. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात तो पुढे झाला आणि तुरुंगात गेला. साम्यवादी विचारांशी त्याची गाठ ह्याच काळात पडली. पुढे तो कोल्हापुरास आला आणि मास्टर विनायकांच्या चित्रपटसंस्थेत काही काळ नोकरीस राहिला.

कोल्हापूर त्या काळी चित्रपटाचे गाव होते. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथे निघाली ती शाहू महाराजांच्या आश्रयाने. प्रभात कंपनी १९२९ साली येथेच स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यास गेली; तरी गावातील स्टुडिओ चालूच होते. अशा स्टुडिओत शिरलेल्या, उंच आवाजाच्या आणि देखण्या तरुणाने तेथेच चिकटून राहून नट होण्याची वाट पाहिली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने तसे केले नाही. मेहबूब पटेलाचा 'अमर शेख' झाला, पण तो कामगारांसमोर गाण्यासाठी. रॅपर आज स्वतःला नवे नाव घेतात. मुंबईचा विवियन फर्नांडिस 'डिव्हाइन' होतो, नावेद शेख 'नेझी' होतो. हे टोपणनाव म्हणजे गाणाऱ्याची पहिली भूमिका होय, आणि ती तो स्वतः लिहितो.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख ह्यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. ह्या त्रयीकडे आपण नीट पाहिले पाहिजे. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेला, शाळेची पायरी जेमतेम चढलेला लेखक. बार्शीचा मुसलमान गिरणी कामगार. आणि त्यांच्या जोडीला गव्हाणकर. जातीने, धर्माने वेगळी असलेली ही माणसे एका डफाभोवती जमली. तमाशाच्या आरंभीचे गणपतीचे नमन अण्णाभाऊंनी बदलले आणि देशभूमीला व हुतात्म्यांना वंदन केले. शब्द बहुधा अण्णाभाऊंचे किंवा गव्हाणकरांचे, आवाज अमर शेखांचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा आवाज मैदानामैदानातून घुमला आणि १ मे १९६० रोजी राज्य स्थापन होईपर्यंत तो थांबला नाही. स्वतः अमर शेख कवीही होते. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे संग्रह आजही वाचावेत.

ह्याच काळात ते पडद्यावर गेले. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' (१९५४) ह्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. मराठीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पुढे 'प्रपंच' (१९६१) मध्ये ते सुलोचनाबाईंबरोबर होते. कथा ग. दि. माडगूळकरांची, मुलांच्या संख्येने आणि कर्जाने खचलेला गरीब कुंभार हा तिचा विषय. ह्या चित्रपटाची आठवण काढली की जुनी माणसे त्यातले चाकाचे आणि मातीचे गाणे गुणगुणतात. ते गाणे माडगूळकरांचे, आणि गळा सुधीर फडके ह्यांचा. गाणे थोर आहे ह्यात वाद नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या माणसाच्या आवाजाने शिवाजी पार्क हलत असे, तो माणूस ज्या चित्रपटात आहे त्या चित्रपटातले लोकांच्या ओठी राहिलेले गाणे त्याच्या गळ्यातले नाही.

हा कोणाचा कट नव्हता. पार्श्वगायनाची ती रीतच आहे. चित्रपटाला शरीर एकाचे, शब्द दुसऱ्याचे आणि आवाज तिसऱ्याचा घेता येतो; त्याच्या कारखान्यात ही श्रमविभागणी सोयीची असते. शाहिरीत मात्र शब्द, आवाज आणि शरीर एकत्र असतात, आणि चौथा असतो तो समोरचा समाज. पडदा ह्या चारांपैकी हवे तेवढे घेतो. अमर शेखांचे कष्टकरी शरीर त्याने घेतले. दैन्याने वाकलेला कुंभार त्यांनी उभा केला. संपात मूठ आवळणारा कामगार उभा करण्याची मागणी कोणी केली नाही. गरिबाचे दुःख पडद्याला चालते, गरिबाचा जाब चालत नाही.

परंतु अमर शेख हरवले नाहीत. का? कारण त्यांना परत येण्यासाठी जागा होती. चित्रीकरण संपले की कलापथक होते, कामगारांची मैदाने होती, कवितेची वही होती. भूमिका हा त्यांच्या कामाचा एक भाग राहिला, ओळख झाला नाही. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. लोकांनी दोघांनाही शाहीर म्हणूनच निरोप दिला.

येथे अमेरिकेतील एका तरुणाशी तुलना करावीशी वाटते, आणि ती ओढूनताणून केलेली नाही. अमर शेखांची कन्या मल्लिका ह्यांचा विवाह नामदेव ढसाळांशी झाला. ढसाळ १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे एक संस्थापक, आणि हे नाव आले अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. त्याच ब्लॅक पँथरमधील अफेनी शकूर ही कार्यकर्ती न्यूयॉर्कच्या खटल्यातून मे १९७१ मध्ये निर्दोष सुटली तेव्हा गरोदर होती. पुढच्याच महिन्यात तिला मुलगा झाला. तो तुपाक शकूर, जगातील सर्वांत गाजलेल्या रॅपरांपैकी एक. तो शाळेत अभिनय शिकला होता. 'जूस' (१९९२) आणि 'पोएटिक जस्टिस' (१९९३) ह्या चित्रपटांत त्याने मोठ्या भूमिका केल्या. पण 'जूस'मध्ये त्याला मिळाला तो हिंसेने झिंगलेला पोरगा, आणि पुढे वृत्तपत्रांनी त्या पोराचाच चेहरा त्याच्यावर चिकटवला. १९९६ च्या सप्टेंबरात लास व्हेगासमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तो गेला तेव्हा वय होते पंचवीस. आईच्या पिढीची संघटना तोवर मोडली होती. मुलाजवळ प्रचंड श्रोतृवर्ग होता, कंपनी होती, करार होता; पण झीलकरी नव्हते.

दुसरे उदाहरण आइस-टी ह्याचे. पोलिसांच्या अत्याचारावरील त्याच्या एका गाण्याने १९९२ साली अमेरिकाभर वादळ उठले. तोच २००० सालापासून एका दीर्घ दूरदर्शन मालिकेत पोलीस अधिकारी म्हणून काम करीत आला आहे. ह्यावर हसणे सोपे आहे. पण घर चालवणाऱ्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने हसणार? फक्त एवढे पाहावे की, व्यवस्थेला त्याचा राग नको होता, त्याचा चेहरा हवा होता. आणि राग तिने अंगावरच्या गणवेशात झाकला.

आपल्याकडे 'गली बॉय' (२०१९) आला. डिव्हाइन आणि नेझी ह्या मुंबईच्या दोन रॅपरांच्या जीवनावरून स्फुरलेली ही कथा. १३ फिल्मफेअर पुरस्कार तिला मिळाले. गल्ली त्यांची, अनुभव त्यांचा. पडद्यावरचा चेहरा मात्र रणवीर सिंह ह्या आधीच प्रस्थापित असलेल्या नटाचा. ह्याउलट चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये नारायण कांबळे ह्या शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार ह्यांनी केली, आणि गाण्यांना संगीत संभाजी भगत ह्यांचे होते. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ह्या शाहिरावर ठेवला जातो. येथे शरीर आणि जाब एकाच माणसात राहिले. चित्रपटाला व्हेनिसमध्ये सन्मान मिळाले आणि दिल्लीत सर्वोच्च सन्मान मिळाला. साथीदार मात्र नट म्हणून मुंबईस जाऊन बसले नाहीत. नागपुरात आपल्या कामात राहिले आणि १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाच्या साथीत गेले. म्हणजे असा चित्रपट होऊ शकतो. तो अपवाद आहे, हेही खरे.

माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर ओळी जुळवणारी मुले आहेत. त्यांतली बरीचशी घरातली पहिलीच शिकणारी, जसा मी होतो. त्यांना 'चित्रपटात जाऊ नका' असे सांगण्याचा अधिकार मला नाही. कला विकून पोट भरणे हे ढोर मेहनत करून पोट भरण्यापेक्षा हलके नाही. मी त्यांना तीन गोष्टी विचारतो. तू लिहिलेल्या शब्दांवर करारात नाव कोणाचे आहे? तुला दिलेली भूमिका तुझ्या माणसाचे फक्त रडणे दाखवते की त्याचे बोलणेही दाखवते? आणि चित्रीकरण संपल्यावर तू कोणाकडे परत येणार आहेस?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वकील देऊ शकेल. दुसऱ्याचे त्याला स्वतःला द्यावे लागेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपण द्यायचे आहे. गावोगावची कलापथके मोडली, जयंतीच्या मंचावर शाहिराऐवजी भिंतीएवढे ध्वनिवर्धक आले, आणि मग आपण त्या पोराला विकला गेला म्हणतो. ज्याला झीलकरीच उरले नाहीत, तो एकटा गाणार आणि एकटाच करारावर सही करणार. त्याला दोष देण्यापूर्वी आपल्या वस्तीतील बुद्धविहारात, वाचनालयात, महाविद्यालयाच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्यासाठी मोकळी ठेवावी. डफ असो की मोबाईलवरचा ठेका, मागे उभे राहणारे आवाज आपलेच लागतील.