खडकात अडकलेलं तेल आणि दुबळं चुंबक

मुंबई हायला तेल सापडलं 1974 साली. पन्नाशी ओलांडलेल्या तेलक्षेत्रांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी समुद्राऐवजी प्रयोगशाळेची वाट धरली. जगभरात खडकातलं निम्म्याहून जास्त तेल पाण्याचा रेटा देऊनही वर येत नाही. ते कुठं अडतं, हे खडक न फोडता पाहायचं कसं?

टेबलावर चुनखडीचा दीड इंच व्यासाचा दंडगोल होता. मुंबई हायचं तेलही मुख्यतः चुनखडीतच आहे. दंडगोल चुंबकात ठेवून रेडिओलहरींचा ठोका दिला, की द्रवांतल्या हायड्रोजनची केंद्रकं प्रतिसाद देतात. अरुंद छिद्रात रेणू भिंतींवर वारंवार आदळतात, म्हणून संदेश काही मिलिसेकंदांत विझतो. ऐसपैस छिद्रात तो शेकडो मिलिसेकंद टिकतो. पण हायड्रोजन पाण्यातही असतो आणि तेलातही. त्यावरचा उपाय मला फार आवडला. साध्या पाण्याऐवजी जड पाणी भरायचं. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी असलेल्या ड्यूटेरियमची वारंवारता साधारण साडेसहापट कमी, म्हणून पाणी गप्प बसतं आणि एकटं तेल बोलतं. मग पॉलिमर घालून दाट केलेलं जड पाणी आत सोडायचं आणि तेल कुठून हललं ते पाहायचं. बाहेरच्या नळीत जमलेलं तेल फक्त किती निघालं एवढंच सांगतं.

हे चुंबक रुग्णालयातल्या एमआरआयच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतक्या ताकदीचं असतं, तेही मुद्दाम. खडकातली लोहयुक्त खनिजं चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं करतात, आणि चुंबक जितकं जोरकस तितकी ही गडबड जास्त. दुबळ्या चुंबकाचा संदेशही दुबळा, म्हणून तेच मोजमाप पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. तोवर द्रव पुढं सरकलेला असतो.

आणखी एक फसवणूक पडद्यावर प्रत्यक्ष दिसते. नमुन्याच्या बाहेरच्या टोकाशी द्रव तुंबतो आणि नमुन्याच्या लांबीवर कुठं किती द्रव आहे ते दाखवणाऱ्या आलेखाला शेवटी उंचवटा येतो. तो खडकाचा गुण नसून तुकडा कापल्याचा परिणाम आहे. असा आलेख नसेल तर तोही सरासरीत मिसळून जातो. चुनखडीत लहानमोठी छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. रेणू एकातून दुसऱ्यात भटकले, की छिद्रांची मापं धूसर होतात. शिवाय नमुना धुऊन काढला, तर भिंतीला पाणी प्रिय की तेल, ही मूळ प्रवृत्तीच बदलू शकते. आणि प्रत्यक्ष क्षेत्रात एखादी मोठी भेग असली, तर महागडं पॉलिमर तिच्यातून सरळ पळतं, तेलाला न शिवता. दीड इंचाच्या तुकड्यात ती भेग आलेलीच नसते.