व्यसनमुक्ताची शस्त्रक्रिया

व्यसन सुटून चार-पाच वर्षे लोटलेली असतात. घर सावरलेले असते, मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू असते आणि अशातच कर्त्या पुरुषाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरते. भूलतज्ज्ञ विचारतात, "काही व्यसन?" घरची मंडळी रुग्णाच्या आधीच उत्तरतात, "छे, छे!" अब्रू राखली जाते, पण रुग्णाची अडचण येथूनच सुरू होते.

मॉर्फिन, ट्रामाडॉल ही वेदनाशामके अफूच्याच कुळातील. ज्याने पूर्वी अफू, ब्राउन शुगर किंवा अशाच गोळ्यांचे सेवन केले आहे, त्याला नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. वेदनाही अधिक तीव्र जाणवू शकते. पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या डॉक्टरांना मग त्याचे कण्हणे नाटकी वाटते. ओढ दाबण्यासाठी तो नाल्ट्रेक्सोन घेत असेल, तर ही औषधे जवळजवळ निष्प्रभ ठरतात. त्यामुळे त्याच्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी साधारण तीन दिवस थांबवतात. अर्थात डॉक्टरांच्याच सल्ल्याने. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याने मात्र ते परस्पर कदापि बंद करू नये. हे सारे डॉक्टरांशी एकांतात बोलता येते. त्यांच्यावर गोपनीयतेचे बंधन असते.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. "मला एकही गोळी नको, मी सोसीन," असे म्हणतात. या निर्धारामागची भीती समजण्यासारखी आहे. तरीही तो निर्धार मला धोक्याचा वाटतो. रात्रीमागून रात्री ठणक्यात जागून काढणाऱ्याचे मन जुन्या वाटेकडे वळण्याचा संभव अधिक. शिवाय मार्ग पुष्कळ आहेत: विशिष्ट मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, बर्फाचा शेक, व्यायामोपचार, पॅरासिटामॉल. (मद्यामुळे यकृत दुखावलेल्यांना पॅरासिटामॉलची मात्राही बेताचीच द्यावी लागते, म्हणून मद्यपानाचा इतिहासही लपवू नये.) तीव्र औषध लागलेच, तर ते अवश्य घ्यावे, पण किती दिवस, किती गोळ्या, हे आधी ठरलेले असावे.

या काळात जुना आधार जवळ हवा. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रात उपचार झाले असतील, तर तेथील समुपदेशकाला शस्त्रक्रियेची तारीख आधीच कळवावी.

घरी आल्यावर गोळ्या पत्नीने किंवा मुलाने आपल्या ताब्यात ठेवाव्यात, मोजून द्याव्यात. तेही रुग्णाशी आधी बोलून, पाळत ठेवल्यासारखे नव्हे. आणि आजीच्या कंबरदुखीसाठी आणलेली ट्रामाडॉलची जुनी पाकिटे औषधांच्या डब्यात उरली असतील, तर तो रुग्णालयातून परतण्यापूर्वीच काढून टाकावीत.