सुबाभळीचा पाला उस्मानाबादी शेळीच्या पोटात

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात बांधावरचं गवत संपतं आणि शेळ्या झाडपाल्यावर येतात. काळ्या रंगाची, जुळ्या करडांसाठी नावाजलेली उस्मानाबादी शेळी इथलीच. बाभूळ, बोर, सुबाभूळ यांच्या पाल्यातून तिला प्रथिनं मिळतात, पण झाडाने स्वतःच्या बचावासाठी बनवलेली ॲरोमॅटिक संयुगंही पोटात जातात. शरीराला त्यांचा उपयोग नसतो. ती बाहेर टाकावीच लागतात.

यकृत काय करतं

या संयुगांचं कार्बनी वलय फार पक्कं असतं. यकृत ते सहसा फोडत नाही. गरज असेल तिथे आधी वलयावर ऑक्सिजन बसवतं, मग त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लायसिन जोडतं. असं जोडलेलं संयुग पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. बेंझोइक आम्लाला ग्लायसिन जोडलं की हिप्युरिक आम्ल होतं. लिबिग यांनी 1829 मध्ये ते घोड्याच्या मूत्रात ओळखलं. पाला खाणाऱ्या शेळीच्या लघवीतही ते भरपूर असतं.

सगळ्या प्राण्यांना हे सारखं जमत नाही. मांजरात ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडण्याची ताकद फार कमी, म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये.

सुबाभळीचं विष

सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. महाराष्ट्रात चाऱ्यासाठी तिचा प्रसार मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने केला. तिच्या पाल्यात, कोवळ्या शेंड्यांत जास्तच, मिमोसिन असतं. त्याने जनावराचे केस गळतात. शेळीच्या कोठीपोटातले जिवाणू मिमोसिनपासून डीएचपी बनवतात आणि ते थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं: गळ्याची गाठ वाढते, खाणं कमी होतं, वजन घटतं. यकृत डीएचपीला जोडणी करून लघवीत सोडतं, पण रोजचा चाराच सुबाभळीचा असेल तर तेवढ्याने भागत नाही.

हवाईच्या शेळ्या

हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला खाऊन धडधाकट होत्या. ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांनी कारण शोधलं: त्यांच्या कोठीपोटातले जिवाणू डीएचपीचं वलयच मोडून टाकतात. 1980च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले, तेव्हा तीही सुरक्षित झाली. त्यातल्या एका जिवाणूला 1992 मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा शोध.

गोठ्यात

आपल्या शेळ्यांत हे जिवाणू आहेतच असं धरून चालू नये. सुबाभूळ हळूहळू वाढवावी, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे नेऊ नये, बाकी कडबा आणि इतर पाला द्यावा. गाभण शेळ्यांच्या बाबतीत तर हात आखडताच ठेवावा. केस गळू लागले किंवा तोंडातून लाळ सुटली, की सुबाभूळ लगेच बंद करून पशुवैद्यकाला दाखवावं.