विश्लेषण : फ्रिजमध्ये पातळ, शरीरात घट्ट! मूत्रपिंडाच्या कर्करोगात औषध ‘धरून ठेवणारे’ जेल काय आहे?

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि उन्हात ठेवली की तेल पुन्हा वाहू लागते. बहुतेक पदार्थांचा हाच स्वभाव. काही पॉलिमरची द्रावणे मात्र नेमकी उलटी वागतात : गार असताना पातळ, अंगाच्या उबेला घट्ट. या उलट्या स्वभावामुळे एका दुर्मीळ कर्करोगाच्या काही रुग्णांना मूत्रपिंड वाचवण्याचा पर्याय मिळाला आहे.

अडचण नेमकी काय होती?

मूत्रपिंडात लघवी गोळा होणारी पोकळी आणि तिथून मूत्राशयाकडे जाणारी नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, यांच्या अस्तराला हा कर्करोग होतो. त्याचा कमी आक्रमक प्रकार हळू वाढतो, पण पुन्हा पुन्हा उगवतो. दुर्बीण घालून लेझरने गाठी जाळता येतात. जिथे दुर्बीण पोहोचत नाही तिथे अख्खे मूत्रपिंड मूत्रवाहिनीसह काढण्याचा पर्याय उरतो. रुग्ण बहुधा वयस्कर असतात. दुसरे मूत्रपिंड आधीच अशक्त असेल, तर हा सौदा फार महाग पडतो.

मग औषध थेट आत का सोडत नाहीत? मूत्राशयाच्या कर्करोगात ‘मायटोमायसिन’ हे औषध अनेक दशके असेच दिले जाते. पण मूत्राशय ही पिशवी आहे. रुग्ण औषध तास-दोन तास धरून ठेवू शकतो. मूत्रपिंडाला अशी सोय नाही. तिथे लघवी सतत झिरपत असते आणि पाण्यात मिसळून सोडलेले औषध गाठीवर काम करण्याआधीच वाहून जाते.

जेलने काय बदलले?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) एप्रिल २०२० मध्ये ‘जेलमायटो’ला मंजुरी दिली. यात मायटोमायसिन एका जेलमध्ये मिसळलेले असते. देण्यापूर्वी ते उणे ३ ते ५ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात, कारण खोलीच्या तापमानालाच ते घट्ट होते. (नागपूरच्या मे महिन्यात ही कसरत कशी होईल, याची कल्पना केलेली बरी.) पातळ झालेले औषध बारीक नळीतून मूत्रपिंडाच्या पोकळीत सोडले जाते. तिथे ते गरम होऊन जागीच घट्ट होते, पोकळीचा आकार घेते आणि पुढचे चार ते सहा तास लघवीत हळूहळू विरघळत राहते. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे हे उपचार चालतात.

औषध जांभळे असल्याने लघवीलाही जांभळी-निळी छटा येऊ शकते. डोस दिल्यानंतर किमान सहा तास रुग्णाने, पुरुष असला तरी, बसूनच लघवी करावी आणि अनेकदा फ्लश करावे, अशी सूचना असते. शिंतोड्यांतही कर्करोगाचे औषध असते.

उबेला घट्ट का होते?

खरवस आठवा. चीक वाफेवर ठेवला की थिजतो. फरक इतकाच, की खरवस गार करून पुन्हा चीक होत नाही. हे जेल मात्र गार केले की पुन्हा पातळ होते.

अशा जेलमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे पॉलिमर म्हणजे ‘पोलॉक्झॅमर ४०७’. त्याच्या लांब रेणूची दोन्ही टोके पाण्याशी जमवून घेणारी, तर मधला भाग पाण्याशी फटकून राहणारा. गार पाण्यात या मधल्या भागाभोवतीही पाण्याचे रेणू शिस्तीत उभे राहतात, त्यामुळे सगळे विरघळलेले असते. उष्णता वाढली की ही शिस्त मोडते आणि पाणी सुटते. मग मधले भाग एकमेकांकडे वळून सूक्ष्म गोळे तयार होतात. द्रावणात पॉलिमर २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर हे गोळे डब्यात ठासून भरलेल्या गोट्यांसारखे दाटतात. हलायला जागा उरत नाही, म्हणजेच जेल! यात नवे रासायनिक बंध तयार होत नाहीत, म्हणून ते उलटवताही येते.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. भाजलेल्या जखमांवर ‘कृत्रिम त्वचा’ म्हणून पोलॉक्झॅमरचे जेल वापरण्याची कल्पना १९७२ मध्येच मांडली गेली होती. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, ‘पीनायपाम’ हे दुसरे पॉलिमर सुमारे ३२ अंशांवर पाण्यातून वेगळे होते, हे नोंदवले गेले. त्याचे जेल गरम झाल्यावर आकसते आणि पाणी बाहेर टाकते. अशी जेल किती फुगतात, कधी आकसतात, यामागच्या ऊष्मागतिकीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. रघुनाथ माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांनी १९९० च्या दशकात काम केले. पण पीनायपामचे शरीरात सहज विघटन होत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतला हा लाडका पदार्थ औषधात मागे पडला आणि पोलॉक्झॅमर पुढे गेले.

गुण किती, धोका किती?

जेलमायटोच्या मुख्य चाचणीत ७१ रुग्ण होते. त्यातील सुमारे ५९ टक्के रुग्णांमध्ये उपचारांनंतर गाठ दिसेनाशी झाली. मात्र मूत्रवाहिनी अरुंद होणे किंवा तुंबणे हा दुष्परिणाम बऱ्याच रुग्णांत दिसला आणि काहींना त्यासाठी आत नळी बसवावी लागली. म्हणजे औषध जागेवर टिकते, पण त्या जागेलाही ते सोसावे लागते.

सगळीच जेल यशस्वी ठरलेली नाहीत. अन्ननलिकेच्या कर्करोगात गाठीतच टोचायच्या ‘ऑन्कोजेल’मधून पॅक्लिटॅक्सेल हे औषध कित्येक आठवडे झिरपत राहावे, अशी योजना होती. दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत त्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही आणि काम थांबले. औषध योग्य जागी नेले, तरी तिथे ते पुरेसे प्रभावी असावे लागते.

जेलमायटोच्या कंपनीने हेच तंत्र पुढे मूत्राशयाच्या कर्करोगासाठी वापरले. ‘झसड्युरी’ नावाच्या त्या औषधाने चाचणीत तीन महिन्यांनी ७८ टक्के रुग्णांमध्ये गाठी नाहीशा झाल्या. तरीही मे २०२५ मध्ये एफडीएच्या तज्ज्ञ समितीने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. चाचणीत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, हा मुख्य आक्षेप होता. या कर्करोगात गाठी शस्त्रक्रियेनेही काढता येतात, मग जेल त्याहून सरस आहे का, हे चाचणीतून कळत नव्हते. समितीचा सल्ला बंधनकारक नसतो. १२ जून २०२५ रोजी एफडीएने औषधाला मंजुरी दिली.